अंटार्क्टिकाची सुखयात्रा

शाळेंत भूगोल शिकवितांना नकाशाच्या तळाचा पांढरा पट्टा मी छडीनें दाखवीत असें आणि 'येथें कायमची मनुष्यवस्ती नाहीं' एवढें सांगून पुढील धड्याकडे वळत असें. आज त्याच अंटार्क्टिका खंडाच्या किनाऱ्यास उबदार खोल्या, ग्रंथालय व सुग्रास भोजन यांनीं युक्त अशीं सफरी जहाजें दरसाल जातात. तेथील उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा. त्या दिवसांत अर्जेंटिनांतील उशुआइया बंदर सोडलें म्हणजे ड्रेकची सामुद्रधुनी ओलांडावयास सुमारें दोन दिवस लागतात.

हें सुख किती नवें आहे पाहा. १९१५ सालीं शॅकल्टन यांचें 'एन्ड्युअरन्स' जहाज वेडेल समुद्राच्या बर्फांत चिरडून बुडालें. त्यांच्या माणसांनीं सील व पेंग्विन खाऊन आधीं बर्फावर आणि मग ओसाड बेटावर दिवस कंठले. स्वतः शॅकल्टन पांच सोबत्यांसह लहानशा होडींतून साउथ जॉर्जिया बेटास पोंचले, म्हणूनच १९१६ सालीं जहाजावरील सर्व २८ जणांची सुटका झाली.

पुढें १९६६ सालीं लार्स-एरिक लिंडब्लाड यांनीं तिकडे आपली पहिली प्रवासी तुकडी नेली आणि अशा सफरींकरितां 'लिंडब्लाड एक्स्प्लोरर' हें जहाज बांधविलें. तें १९६९ सालीं समुद्रांत उतरलें. हेंच जहाज 'एक्स्प्लोरर' या नांवानें २००७ च्या नोव्हेंबरांत साउथ शेटलंड बेटांनजीक बर्फावर आदळून बुडालें. त्यावरील १५४ जण कांहीं तास होड्यांत कुडकुडत बसले होते; दुसरें प्रवासी जहाज धांवून आलें म्हणून सारे वांचले. पायाखालचा गालिचा कितीहि मऊ असो, त्याखालचा समुद्र शॅकल्टनांच्या वेळचाच आहे.

परंतु माणसाला बर्फाचें भय आहे, तसें बर्फालाहि माणसाचें आहे. बुटाला चिकटून आलेलें परक्या गवताचें बीं तेथें रुजूं शकतें. जहाजाच्या धुराची काजळी बसली कीं बर्फ लवकर वितळतें. म्हणून किनाऱ्यावर उतरण्यापूर्वीं बूट धुवावे लागतात, खिसे झाडावे लागतात. एका ठिकाणीं एका वेळीं शंभरांहून अधिक प्रवासी उतरत नाहींत. पेंग्विनपासून निदान पांच मीटर दूर राहावें आणि एक खडाहि उचलूं नये, असा दंडक आहे. जाड इंधन तेलास २०११ पासून त्या समुद्रांत बंदी आहे.

१९५९ च्या करारानें त्या भूमीवरील मालकीहक्काचे वाद गोठवून ठेविले. १९८३ सालीं भारतहि त्या करारांत सामील झाला. त्या ओसाड किनाऱ्यावर पावलोपावलीं पहारा कोण ठेवणार? मास्तर वर्गाबाहेर गेल्यावर मुलें कशीं वागतात, यावरून मी त्यांची पारख करीत असें. अंटार्क्टिका हा तसाच एक वर्ग आहे. तेथें जाण्याचें भाडें धनानें भरतां येतें. तेथें उतरण्याची पात्रता मात्र स्वतःच्या शिस्तीनेंच मिळवावी लागते.