तक्रार लिहा, पोच घ्या

टिळकवाडी असो, निपाणी असो की आसपासचं खेडं, आपलं मूल सरकारी शाळेत जात असेल तर हे जरूर ऐका.

समग्र शिक्षा, पीएम पोषण या योजनांतून शाळेत केंद्राचा पैसा येतो. त्यावर लक्ष ठेवण्याचा हक्क पालकांना आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेच्या समितीत, म्हणजे आपल्याकडच्या एसडीएमसीत, किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.

दुपारच्या जेवणाचंच बघा. कर्नाटकात पीएम पोषणची ही योजना अक्षर दासोह नावाने चालते. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोजच्या जेवणातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळायलाच हवीत. धान्य संपलं म्हणून एखाद्या दिवशी चूल पेटली नाही, तर 2015 च्या नियमांप्रमाणे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मुलाला अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो.

काही चुकतंय? आधी मुख्याध्यापकांशी, समितीशी बोला. दाद लागली नाही, तर लेखी तक्रार करा. तारीख, इयत्ता आणि नेमकं काय घडलं ते लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्याच. शिक्षण हक्काच्या तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही, तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

कन्नड लिहिता येत नाही म्हणून गप्प बसू नका. राज्यघटनेच्या कलम 350 नुसार गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या भाषेत मांडता येतं. आपली मराठी त्यात आलीच. आणि एसडीएमसीची पुढची बैठक चुकवू नका.