अर्थ न बदलता
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बजावलं होतं की दहाच मिनिटं बोल, आणि आठवणी सांगू नकोस, त्या सगळेच सांगणार आहेत. मग उरलं व्याकरण. हसू नका, व्याकरणावरच बोलणार आहे.

मराठीच्या पेपरात 'कंसातील सूचनेप्रमाणे वाक्यरूपांतर करा' आणि 'वाक्य शुद्ध करून लिहा' असे प्रश्न असायचे. इंग्रजीच्या पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड'. हमखास मार्क देणारे प्रश्न. वाक्यरूपांतराची मुख्य अट तीन शब्दांची आहे: 'अर्थ न बदलता'. मुलांची नजर ते तीन शब्द ओलांडून पुढे जाते. आज मला त्या तीन शब्दांवरच बोलायचं आहे.

'येथे शुद्ध गाईचे तूप मिळेल' हे वाक्य सगळ्यांना पाठ असेल. शुद्ध काय, गाय की तूप? 'गाईचे शुद्ध तूप' केलं की काम झालं. ही दुरुस्ती चांगली, कारण दुकानदाराला जे म्हणायचं होतं तेच आता वाक्य म्हणतं.

आता 'पाणी गरम आहे' हे वाक्य नकारार्थी करा. मुलं लिहितात, 'पाणी थंड नाही'. बरोबरची खूणही मिळते. पण कोमट पाणीही थंड नसतं. थंडीत पहाटे आंघोळीला बसलेल्या माणसाला विचारा, अर्थ बदलला की नाही ते.

तिसरं वाक्य घ्या. 'सुरेशने रमेशला त्याच्या घरी सोडले.' त्याच्या म्हणजे कोणाच्या? कोणीतरी म्हणेल, संदिग्ध आहे, 'आपल्या घरी' करा. मराठीत 'आपल्या' हा शब्द कर्त्याकडे जातो. वाक्य निर्दोष झालं, पण मुरबाडला राहणारा रमेश सुरेशच्या आसनगावच्या घरी जाऊन बसला!

माझ्या कामात अशी वाक्यं रोज येतात. 'सगळी कागदपत्रे आली नसतील तर अर्ज थांबवावा.' एकही कागद आला नसेल तर थांबवायचा, की एखादा राहिला तरी? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. दोन्ही अर्थांचे प्रोग्राम लिहिता येतात आणि दोन्ही बिनतक्रार चालतात. यंत्र शंका विचारत नाही. पण एका प्रोग्रामात एका दाखल्यावाचून एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती अडकते आणि दुसऱ्यात अडकत नाही. म्हणून प्रोग्राम लिहिण्याआधी ज्याने वाक्य लिहिलं त्याला फोन करायचा आणि विचारायचं, "तुम्हाला नक्की काय म्हणायचं आहे?" अर्धी इंजिनिअरिंग या एका प्रश्नात आहे.

व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जीमॅट नावाची परीक्षा असते. तिच्यात अनेक वर्षं वाक्यदुरुस्तीचा प्रश्न होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत तो वगळला. वाक्याचा एक भाग अधोरेखित केलेला आणि खाली पाच पर्याय. त्यातला पहिला पर्याय नेहमी मूळ शब्द जसेच्या तसे. म्हणजे 'याला हात लावू नका' हेही उत्तर असू शकायचं. आणि व्याकरणात चोख बसणारा पण अर्थ हलवणारा पर्याय चुकीचा धरला जायचा. मला ही पद्धत आवडली. आपल्याकडे 'वाक्य शुद्ध करा' म्हटलं की वाक्य अशुद्धच आहे हे आधीच ठरलेलं असतं. मुलंही मग काहीतरी बदलल्याशिवाय राहत नाहीत.

नियम नकोत असं माझं म्हणणं नाही. पण नियम माणसांनीच एकत्र बसून ठरवलेले असतात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. तोवर उच्चारात नसलेला अनुस्वार दिला नाही तर चूक धरत. नंतर दिला तर चूक धरू लागले. शुद्धतेची व्याख्या बदलली, पण वाक्यांचा अर्थ होता तोच राहिला. अर्थ मात्र एकदा हलला की लिहिणाऱ्याशिवाय कोणी तो परत जागेवर आणू शकत नाही.

आता आपल्या भागाकडे येते. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. पुढे भातसाचं जाऊ लागलं. समजा, शहापूर तालुक्यातल्या एखाद्या मुलाने निबंधात लिहिलं, 'आमच्या आजोबांची जमीन धरणात गेली.' त्यावर कोणी म्हणेल, जमीन कशी जाईल, जमिनीला काय पाय आहेत? 'आजोबांनी धरणाला जमीन दिली' असं लिही. वाक्य सुबक झालं, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागेवर. पण 'गेली' आणि 'दिली' यांच्यात त्या घराची एक अख्खी पिढी आहे. 'दिली' म्हटलं की आजोबा दाते होतात. 'घेतली' म्हटलं की घेणारा समोर येतो. 'गेली' मध्ये दोघेही नाहीत, फक्त गेलेली जमीन आहे, आणि कदाचित घरात ते तसंच बोललं जात असेल. यातलं कोणतं खरं, हे व्याकरणाचं पुस्तक सांगू शकत नाही. त्या मुलालाच विचारावं लागतं.

त्याच मुलाने पुढे लिहिलं, 'धरण आमच्याजवळ आहे आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यावर टँकर येतो.' 'आणि' च्या जागी 'पण' घातलं तर ती तक्रार होते. 'म्हणून' घातलं तर भलतंच होतं. तिन्ही वाक्यं व्याकरणाने शुद्ध आहेत. 'आणि' ठेवणारा मुलगा कदाचित तक्रार करत नसेल, जे दिसतं ते सांगत असेल. त्याचा 'आणि' खोडण्याआधी एकदा थांबायला हवं.

आपल्या दोन्ही तालुक्यांत घरी ठाकरी, वारली, कातकरी बोलणारी मुलं आहेत, आगरी आणि कुणबी घरांतली मुलं आहेत. त्यांच्यासाठी पुस्तकातली मराठी ही शाळेत आल्यावर शिकायची भाषा आहे. ती त्यांना आलीच पाहिजे. दहावीचा पेपर, एमपीएससी, नोकरीचा अर्ज, सगळं त्याच भाषेत आहे, आणि ती न शिकवणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. पण वही परत आली आणि तिच्यात आपलं म्हणणंच उरलेलं नसेल, तर पुढच्या वेळी मूल गाईडमधला निबंध उतरवतं. त्यात एकही चूक नसते आणि त्याचं स्वतःचं असं एकही वाक्य नसतं.

आपल्या मराठीच्या बाई वहीत लाल शाईने खोडायच्या कमी आणि समासात 'म्हणजे काय?' असं जास्त लिहायच्या. त्याचं उत्तर द्यायला आपण उठलो की आपलं वाक्य आपोआप सुधारायचं. बाई, आज तुम्ही समोर बसला आहात म्हणून हे मुद्दाम सांगते.

शेवटी एक विनंती. माजी विद्यार्थी संघाने संगणक द्यायचं ठरवलं आहे, ते द्यावेतच. त्यासोबत आपल्यातल्या काही जणांनी महिन्यातून एक शनिवार नववी-दहावीच्या मुलांचे निबंध वाचायला यावं. मी येणार आहे. नियम एकच ठेवू: वाक्याला हात लावण्याआधी मुलाला विचारायचं, "तुला काय म्हणायचं आहे?" त्याने तोंडी सांगितलं की मग दोघांनी मिळून ते शुद्ध लिहायचं. ऱ्हस्व-दीर्घ आपण बघू, अर्थ त्याचा राहील. ज्यांना जमेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नाव द्यावं.