तैनातीचा खर्च कोणाच्या माथी?



दोस्त कोण आणि मांडलिक कोण, हे तहाच्या गोड मायन्यावरून कळत नाही. ते खर्चाच्या कलमावरून कळते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी इतिहासाकडे याच दृष्टीने पाहत आलो आहे.

इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात राज्य करणाऱ्या हित्ती सम्राट सुप्पिलुलिउमाने सीरियातील अमुर्रूचा राजा अझीरू याच्याशी तह केला. अझीरूने दरसाल ३०० शेकेल सोने द्यावे, सम्राटाच्या युद्धात सैन्यानिशी हजर व्हावे. बदल्यात त्याला संरक्षण. इ. स. पूर्व १२७४ च्या सुमारास कादेशच्या रणात अशाच अनेक मांडलिकांच्या फौजा हित्तींच्या बाजूने इजिप्तविरुद्ध लढल्या. पुढे इ. स. पूर्व १२०० च्या सुमारास त्यांचे मांडलिक असलेल्या उगारितवर समुद्रातून शत्रू चालून आला. तेव्हा तेथील राजाने लिहिले की, आपले सैन्य हित्तींच्या देशी आहे, गलबतेही दूर लुक्काच्या किनाऱ्यावर आहेत आणि देश उघडा पडला आहे. लवकरच ते नगर बेचिराख झाले.

हे फार दूरचे वाटत असेल, तर आपल्या नागपूरकडे पाहा. १८०३ साली अडगावला पराभव होऊन कटक आणि वर्धेपलीकडील वऱ्हाड गमावल्यावरही दुसऱ्या रघूजींनी कंपनीची तैनाती फौज अखेरपर्यंत स्वीकारली नाही. १८१६ मध्ये ते वारले. दरबारातील प्रतिस्पर्ध्यांना शह देण्यासाठी अप्पासाहेबांनी त्याच वर्षी मे महिन्यात तो तह केला: सालीना साडेसात लाख रुपये, शिवाय ३००० स्वार व २००० पायदळाची मदत. म्हणजे गादी टिकवण्याची सोय दरबाराची आणि भुर्दंड शेतसारा भरणाऱ्या रयतेचा! चूक उमगून अप्पासाहेब नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीवर उलटले, तेव्हा त्यांच्यासमोर उभी होती ती याच तहाने नागपुरात आणलेली फौज. १८१८ मध्ये ते पदच्युत झाले, नर्मदाकाठचा मुलूख गेला आणि १८५४ मध्ये उरलेले राज्यही खालसा झाले.

अप्पासाहेबांना केवळ दोष देऊन भागणार नाही. ज्या रयतेने पैसा भरला, तिला तहापूर्वी कोणी विचारले होते? राजेशाहीत तो प्रश्नच उद्भवत नव्हता. लोकशाहीत तो न विचारणे हा आपला अपराध ठरेल. म्हणून संरक्षणाचा कोणताही करार पुढे आला, की लोकांनी तीन गोष्टींचा जाब मागावा: पैसा कोणाचा, हुकूम कोणाचा आणि करारातून बाहेर पडण्याची मुभा कोणाला?