ताल कोणाच्या मालकीचा?



राजकीय कार्यकर्त्यांच्या सभेत तरुणांच्या नाचगाण्याचा विषय निघाला, की पुष्कळांच्या चेहऱ्यावर नापसंतीची छटा उमटते. बाजारपेठेने तरुणांच्या माथी मारलेला उथळ माल, एवढ्या एका वाक्यात या साऱ्याची वासलात लावली जाते. ‘रेगेटॉन’ हा आज जगभर वाजणारा स्पॅनिश गीतप्रकार या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील हिप-हॉप, जमैकातील डान्सहॉल रेगे आणि स्पॅनिश बोलणाऱ्या कॅरिबियन वस्त्यांचे स्थानिक जीवन यांच्या मिश्रणातून तो निर्माण झाला, हे सर्वमान्य आहे. परंतु हे मिश्रण कोणी घडविले, कोणत्या परिस्थितीत घडविले आणि त्याचे मोल कोणाच्या पदरात पडले, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. वस्तुतः समाजवादी विचाराच्या माणसाने प्रथम विचारावयाचे प्रश्न तेच आहेत.

या गाण्याचा उगम शोधू लागल्यास वाट पनामाच्या कालव्यापाशी जाऊन पोचते. १९०४ ते १९१४ या काळात अमेरिकेने हा कालवा खणला, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तो खणणाऱ्यांत सर्वांत मोठा भरणा वेस्ट इंडीजमधील काळ्या मजुरांचा होता. एकट्या बार्बाडोस या चिमुकल्या बेटावरून सुमारे वीस हजार माणसे करारावर नेण्यात आली. जमैकाचे मजूर तर त्यापूर्वीच्या, फसलेल्या फ्रेंच प्रयत्नापासूनच तेथे राबत होते. गोऱ्या अमेरिकनांचा पगार सोन्याच्या नाण्यांत आणि काळ्यांचा चांदीच्या नाण्यांत देण्याची पद्धत होती. त्यावरून ‘सोन्याचा पट’ आणि ‘चांदीचा पट’ अशा दोन हजेऱ्याच पडल्या आणि पुढे घरे, शाळा, दुकाने, सारे काही या दोन शब्दांनी विभागले गेले. अमेरिकी अमदानीतील सरकारी नोंदीनुसार रोगराई आणि अपघात यांत ५,६०९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे साडेचार हजार वेस्ट इंडीजची होती.

कालवा पुरा झाला, पण मजुरांपैकी अनेकांची कुटुंबे कोलोन आणि पनामा सिटी या शहरांत राहिली. ज्यांच्या बापजाद्यांनी देशाच्या उत्पन्नाचा मार्ग खोदला, त्यांच्या मुलांना स्पॅनिश ही मातृभाषा नाही या कारणास्तव १९४१ च्या राज्यघटनेने नागरिकत्व नाकारले. ही तरतूद १९४६ च्या घटनेने दूर केली, तरी मनातील दुरावा राहिलाच. घरात आजीची इंग्रजी बोली, रस्त्यावर स्पॅनिश, अशा दुहेरी अवस्थेत वाढलेल्या पिढीने जमैकाच्या तबकड्यांवरील तालावर स्पॅनिश शब्द चढविले. ही गाणी शहरातील रंगीबेरंगी खाजगी बसगाड्यांमधून वाजू लागली. रेनातो या गायकाने १९८५ च्या सुमारास लष्करी राजवटीतील गुप्त पोलिसांच्या जुलमावर गाणे म्हटले. आपण कोण, हा प्रश्न त्या मुलांना चर्चासत्रात पडलेला नव्हता. तो त्यांना पोलीस चौकीत विचारला जात होता.

जमैकाहून येणाऱ्या त्या तबकड्यांच्या मागेही स्वतंत्र अर्थकारण होते. पन्नाशीच्या दशकात किंग्स्टनच्या गरिबांना हॉटेलांतील वाद्यवृंद परवडत नव्हता आणि रेडिओला त्यांची आवड ठाऊक नव्हती. तेव्हा भल्याथोरल्या कर्ण्यांचे संच उघड्या आवारात मांडून नाचाच्या रात्री होऊ लागल्या. तबकडी वाजत असताना हातात ध्वनिक्षेपक घेऊन तालात बोलणारा निवेदक हा या रात्रींचा शाहीर. या मंडळींनी एक विलक्षण प्रथा पाडली. वाद्यांचा एक ताल, त्यांच्या भाषेत ‘रिडिम’, एकदा तयार झाला की त्यावर दहा गायकांनी दहा गाणी बांधावयाची. गावच्या पाणवठ्यासारखा तो सर्वांचा असे.

१९७२ मध्ये मायकेल मॅन्ली सत्तेवर आले. लोकशाही समाजवादाचा त्यांनी उघड पुरस्कार केला आणि १९७४ मध्ये बॉक्साइट काढणाऱ्या परदेशी कंपन्यांवर कर बसविला. परंतु परकीय चलनाच्या चणचणीने १९७७ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारी जावे लागले, आणि आठशेच्या आसपास माणसांचे बळी घेणाऱ्या १९८० च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. डान्सहॉलची भरभराट यानंतरची आहे. १९८५ मध्ये तर एका स्वस्त कॅसिओ वाद्याच्या तयार तालावर बांधलेल्या गाण्याने सारे बेट हलविले. पूर्वीच्या रेगेतील मुक्तीचे स्वप्न ओसरले आणि बंदूक, पैसा, देह हे विषय पुढे आले. या बदलाबद्दल गायकांना दोष देण्यापूर्वी, स्वप्नाचा पाया कोणत्या अटींवरील कर्जाने खचला, हेही पाहिले पाहिजे.

या कहाणीचा तिसरा धागा न्यूयॉर्कचा. क्लाइव्ह कॅम्बेल हा किंग्स्टनमध्ये जन्मलेला मुलगा १९६७ मध्ये ब्राँक्स भागात आला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी, ‘कूल हर्क’ या नावाने त्याने तेथील एका इमारतीत जो नाचाचा कार्यक्रम केला, तो हिप-हॉपचा जन्मदिवस मानला जातो. म्हणजे हिप-हॉपच्या घडणीतही जमैकाचा वाटा आहेच. डान्सहॉलशी त्याची पुढे झालेली भेट ही एका अर्थी दुरावलेल्या भावंडांची भेट होय. त्याच शहरात पोर्तो रिकोचे आणि पनामाचे स्थलांतरित राहत होते. १९९० च्या सुमारास लाँग आयलंडवरील एका जमैकन ध्वनिमुद्रण केंद्रात पनामी गायक आणि जमैकन वादक एकत्र आले, आणि आठ मात्रांचे तीन-तीन-दोन असे वजन पाडणारा तो ताल स्पॅनिशमध्ये रुळला. मजुराला जेथे काम मिळाले तेथे तो गेला आणि त्याच्या मागोमाग ताल गेला. या मिश्रणाचा खरा प्रवासमार्ग एवढाच आहे.

हा ताल फळला तो पोर्तो रिकोमध्ये. १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या या बेटावरील लोकांना १९१७ पासून नागरिकत्व आहे, पण तेथे राहून अध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. १९९३ मध्ये गव्हर्नर पेद्रो रोसेल्यो यांनी गुन्हेगारी मोडण्याच्या नावाखाली गरिबांच्या सरकारी वसाहतींत नॅशनल गार्डचे सैनिक घुसविले. त्याच वसाहतींतील मुले घरगुती ध्वनिफितींवर रॅप आणि रेगेची सरमिसळ करून हातोहात वाटत होती. १९९५ मध्ये पोलिसांनी दुकानांवर छापे घालून या फिती जप्त केल्या. २००२ मध्ये सिनेटमध्ये या नाचाविरुद्ध मोहीम निघाली. २००४ मध्ये डॅडी यांकी याचे ‘गासोलिना’ जगभर गाजले, तेव्हा मात्र मोठ्या कंपन्यांना या गाण्यात काहीच आक्षेपार्ह दिसेनासे झाले. जे कालपर्यंत गुन्ह्याचा पुरावा होते ते निर्यातीचा माल झाले. २०२३ मध्ये तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हेच गाणे जतन करण्याच्या राष्ट्रीय यादीत घेतले.

या गाण्यांत स्त्रीच्या देहाचा बाजार मांडला जातो, हा आक्षेप खोटा नाही, आणि गरिबांची कला म्हणून त्यावर पांघरूण घालणे हा कार्यकर्त्याचा धर्म नव्हे. परंतु त्याला खरे उत्तर पोलिसी छाप्याने दिले नाही. ते आयव्ही क्वीन या गायिकेने दिले. नाचणे म्हणजे होकार नव्हे, असे तिने २००३ मध्ये त्याच तालावर ठणकावून सांगितले. तेगो काल्देरोन याने बेटावरील लपविलेला वर्णभेद त्याच तालावर उघडा केला. समाजातील झगडा गाण्यातही चालतो, आणि तो तेथेच लढावा लागतो.

या म्हणण्याचे प्रमाण २०१९ साली मिळाले. सत्तर अब्ज डॉलरांहून अधिक कर्जाच्या नावाखाली बेटाचा खजिना २०१६ च्या कायद्याने एका नियंत्रण मंडळाच्या हाती गेला होता. २०१७ च्या मारिया वादळातील मृतांचा सरकारी आकडा ६४ होता. तो पुढे २,९७५ असा मान्य करावा लागला. अशा वेळी गव्हर्नर रिकार्दो रोसेल्यो यांच्या गोटातील संदेशांची शेकडो पाने बाहेर आली, त्यांत त्या मृतांचीही टवाळी होती. लाखो लोक रस्त्यावर आले. रेसिदेन्ते, इले आणि बॅड बनी या गायकांनी तत्काळ निषेधगीत काढले आणि सान हुआनच्या जुन्या कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर तरुण-तरुणींनी तोच निषिद्ध नाच निदर्शन म्हणून केला. २४ जुलैला गव्हर्नरांनी राजीनामा जाहीर केला. बापाने ज्या वस्त्यांवर सैन्य धाडले, त्या वस्त्यांचे गाणे मुलाच्या पदच्युतीच्या वेळी रस्त्यावर वाजत होते. गव्हर्नर गाण्याने गेले नाहीत, माणसांच्या गर्दीने गेले. पण त्या गर्दीला स्वतःचा आवाज या गाण्याने दिला, हे नाकारता येणार नाही.

आता प्रश्न मालकीचा. १९८९ मध्ये ‘फिश मार्केट’ हा ताल बांधणाऱ्या स्टीली आणि क्लीव्ही या जमैकन वादकांच्या वतीने २०२१ मध्ये अमेरिकी न्यायालयात दावा दाखल झाला. पुढे शंभरांहून अधिक कलावंत आणि कंपन्या त्यात प्रतिवादी झाल्या आणि २०२४ मध्ये न्यायालयाने हा दावा प्रारंभीच फेटाळण्यास नकार दिला. या तालावर कंपन्यांनी अमाप पैसा केला, तेव्हा बांधणाऱ्यांनी आपला हिस्सा मागणे न्याय्यच आहे. पण तालाचा सांगाडाच कोणाची खाजगी मालमत्ता ठरला, तर उद्या वसाहतीतील पोराला तोंड उघडण्यापूर्वी परवाना काढावा लागेल, आणि कालांतराने असे हक्क विकत घेणारेही भांडवलवालेच असतील. म्हणून समाजवाद्याने दोन गोष्टी वेगळ्या राखल्या पाहिजेत. श्रमाचा मोबदला हा हक्क आहे, आणि तो नफा कमावणाऱ्या कंपनीकडून वसूल झाला पाहिजे. पाणवठ्यावर कुंपण घालणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. ताल सर्वांचा आणि मोबदला राबणाऱ्याचा, हीच भूमिका सुसंगत ठरते.

गिरणगावात कामगारांचे शाहीर फडावर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या गाण्यालाही अभिरुचीहीन म्हणणारे भद्र लोक होतेच. आज वस्तीतील मुले कर्ण्याभोवती जमली, तर कार्यकर्त्याने नाक मुरडून पुढे जाऊ नये. थांबावे, ऐकावे आणि या गाण्यात कोणाचे श्रम आहेत, कोणाचा राग आहे व कोणाचा नफा आहे, हे त्या मुलांबरोबर बसून समजून घ्यावे. चळवळीने हे केले नाही, तर ते काम बाजार करील, आणि त्याची किंमतही बाजारच ठरवील.