घेरी, भोवळ आणि तोल : स्वागताध्यक्षीय भाषण



जव्हार या मुकणे राजघराण्याच्या जुन्या राजधानीत ही परिषद भरत आहे. 1992-93 मधील वावर-वांगणी भागातील बालमृत्यूंनंतर जव्हार-मोखाडा या तालुक्यांचे नाव आरोग्याच्या चर्चेत आले, ते प्रामुख्याने कुपोषणाच्या संदर्भात, आणि ते योग्यच होते. त्यामुळे चक्कर आणि आंतरकर्णाचे विकार हा विषय येथे का निवडला गेला, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र ज्या भागात स्त्रिया उन्हाळ्यात डोक्यावर दोन हंडे घेऊन विहिरीच्या निसरड्या वाटेने चढतात (आणि ज्या भागातून वाहणाऱ्या वैतरणेचे पाणी मुंबईच्या नळांना येते), जेथे आवणीच्या दिवसांत माणूस तासन्‌तास चिखलात वाकलेला असतो, तेथे शरीराचा तोल हा रोजीरोटीचा भाग ठरतो, आणि तो गेला की काम थांबते.

तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या पडद्यापलीकडे, हाडाच्या पोकळीत असते आणि तिला आंतरकर्ण म्हणतात. ऐकण्याचा अवयव असलेला कर्णावर्त तेथेच, वारली चित्रातील तारपा नाचाच्या वेढ्यासारखा वळत गेलेला असतो, तर त्याच्या शेजारी तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे फिरणे टिपतात आणि दोन लहान पिशव्यांतील चुनखडीचे सूक्ष्म कण डोके कोणत्या बाजूला कलले आहे ते सांगतात. तोरंगणच्या घाटातून आलेल्या प्रतिनिधींपैकी ज्यांना आज सकाळी गाडी लागली असेल, त्यांना या यंत्रणेची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही. वळणे कानाला कळतात, समोरच्या बाकावर खिळलेल्या डोळ्यांना कळत नाहीत, आणि त्या विसंवादातून मळमळ उद्भवते.

चक्करेचा उगम मेंदूतच नव्हे तर कानातही असू शकतो, हे पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी 1861 मध्ये मांडले, आणि या अवयवावरील संशोधनासाठी रॉबर्ट बाराने यांना 1914 चे नोबेल पारितोषिक मिळाले. इतके जुने ज्ञान हाताशी असूनही निदान चुकते, याचे मुख्य कारण यंत्रांचा अभाव हे नसून विचारण्याची घाई हे आहे, असे स्वागत समितीचे स्पष्ट मत आहे. रुग्ण ‘घेरी येते’, ‘डोके फिरते’, ‘अंधारी येते’, ‘पाय लटपटतात’ असे निरनिराळे सांगतो आणि केसपेपरवर या सर्वांचे एकच ‘चक्कर’ होते. वस्तुतः या चार तक्रारींचे मार्ग वेगळे असू शकतात. उभे राहताच अंधारी येत असेल, तर आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांत रक्तदाब मोजून पाहावा लागतो आणि हिमोग्लोबिन तपासावे लागते; ज्या समाजांत सिकलसेल आढळतो, तेथे ही तपासणी टाळून कानाकडे वळणे म्हणजे दुसरी चूक होय. पण रुग्णाचे शब्दही नेहमी नेमके नसतात, म्हणून चक्कर किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते, हे दोन प्रश्न अधिक भरवशाचे मानले जातात. कूस बदलताच, वर पाहताच किंवा वाकताच सुरू होऊन मिनिटाच्या आत थांबणारी चक्कर ही बहुधा आंतरकर्णातील कण नलिकेत घसरल्याने येते; तासन्‌तास टिकणारी, कानात आवाज व बहिरेपणा घेऊन येणारी चक्कर मेनिएर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराकडे बोट दाखवते; कान वाहत असताना येणारी चक्कर मात्र कानाच्या डॉक्टरांकडे तातडीने पाठवावी लागते.

यांपैकी पहिल्या प्रकाराबाबत थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. त्याचे निदान 1952 मध्ये डिक्स आणि हॉलपाइक यांनी वर्णन केलेल्या चाचणीने होते, आणि तिला फक्त एक खाट लागते: रुग्णाचे डोके एका बाजूस 45 अंश वळवून त्याला झटकन मागे निजवले, की काही क्षणांनी डोळ्यांची विशिष्ट लयबद्ध थरथर, म्हणजेच निस्टॅगमस, दिसू लागते. त्याच खाटेवर, जॉन एपली यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्रमाने डोके फिरवून ते कण मूळ जागी परत नेता येतात, आणि पुष्कळ रुग्ण एकदोन खेपांत बरे होतात. असे असताना मानेच्या क्ष-किरण चित्रात मणक्यांची झीज दाखवून, जी पन्नाशीनंतर बहुतेकांच्या चित्रात दिसतेच, रुग्णाच्या गळ्यात पट्टा बांधला जातो. किंवा प्रोक्लोरपेरॅझिनसारखे औषध, जे दोनतीन दिवसांच्या उलट्यांसाठी ठीक आहे, महिनोन्‌महिने चालू ठेवले जाते आणि नव्या स्थितीशी जुळवून घेण्याची मेंदूची स्वतःची धडपड त्याने मंदावते. सुमारे 80 किलोमीटरवरच्या नाशिकची फेरी, बुडालेली मजुरी आणि तपासण्यांचा खर्च यानंतर माणूस भगताकडे गेला, तर त्याचा राग डॉक्टरांनी धरू नये.

याउलट काही चकरा मेंदूच्या असतात आणि तेथे विलंब परवडत नाही. एक-दोन दिवस अखंड टिकणाऱ्या चक्करेत रुग्णाला तपासणाऱ्याच्या नाकाकडे पाहत राहण्यास सांगून त्याचे डोके हलकेच पण झटक्याने वळवतात. नजर निसटून मागाहून परत आली तर दोष बहुधा कानाचा, आणि नजर स्थिर राहिली तर पक्षाघाताची शंका घ्यावी लागते. येथे निर्दोष दिसणारी खूणच धोक्याची ठरते, हे नवख्या डॉक्टरांनी विशेष ध्यानात ठेवावे. प्रशिक्षित हातांनी केलेली ही चाचणी, डोळ्यांच्या आणखी दोन खुणांसह, पहिल्या 48 तासांतील एमआरआयपेक्षाही अधिक विश्वसनीय ठरल्याचे 2009 मध्ये दाखवले गेले.

आणखी एक गट जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. क्षयरोगासाठी पूर्वी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने दीर्घकाळ दिली जात, आणि हे औषध आंतरकर्णातील तोलाच्या पेशी कायमच्या नष्ट करू शकते. अशा व्यक्तीला गरगरत नाही. दिवसा ती डोळ्यांच्या आधाराने बरी चालते, पण दिवे नसलेल्या पाड्यावर रात्री बाहेर पडली की पडते, आणि पाहणारे तिला ताडीचा दोष देतात. अशांसाठी औषध नाही, परंतु तोलाचे व्यायाम, हातात काठी आणि वाटेवर उजेड यांनी पुष्कळ फरक पडतो.

दुपारी जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयातील आणि मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयातील सहकाऱ्यांसाठी सभागृहाच्या मागील बाजूस चार खाटा मांडण्यात येतील आणि तेथे वरील चाचण्यांची प्रात्यक्षिके होतील. खोडाळ्याकडे जाणाऱ्या प्रतिनिधींची परतीची एसटी चुकू नये म्हणून प्रात्यक्षिके जेवणानंतर लगेच सुरू होतील. तेव्हा जे प्रतिनिधी स्वतः खाटेवर निजण्यास तयार असतील, त्यांनी नागलीची भाकरी प्रात्यक्षिक आटोपल्यावरच घ्यावी, अशी स्वागत समितीची नम्र विनंती आहे.