नांगर विकणारे शब्द
(उचगाव येथील मराठी साहित्य संमेलनासाठी अध्यक्षीय भाषण)

मांडवाच्या कडेला गाड्या लावून आत यावं की नको या विचारात उभे असलेले कॉलेजचे विद्यार्थीहो,

संमेलनाच्या अध्यक्षाने कथा-कवितेची विचारपूस करावी आणि जाता जाता सीमाभागातल्या मराठीची काळजी वाहावी, अशी रीत आहे. कडोली, बेळगुंदी, येळ्ळूर, सांबरा आणि हे उचगाव, अशा बेळगावच्या भोवतालच्या गावांनी ती रीत जिवापाड सांभाळली. इथे साहित्य गावच्या जत्रेसारखं येतं, आणि पाहुण्यांना जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. त्या आदराची जाण ठेवूनच यंदाचा अध्यक्ष ग्रंथदिंडीच्या पालखीत एक उपरा कागद ठेवू पाहतो. तो कागद म्हणजे कोटेशन. त्याच्या पाठोपाठ जाहिरात, माहितीपत्रक, नोकरीचा अर्ज आणि गिऱ्हाइकाच्या तक्रारीला दिलेलं उत्तर.

हे साहित्य नव्हे, असं कुणी म्हणेल. नसेलही. पण मांडवात बसलेल्या मुलामुलींपैकी कवितेवर घर चालवणारी किती निघतील, आणि उद्यमबागेतल्या कारखान्यात, मारुती गल्लीतल्या दुकानात किंवा स्वतःच्या छोट्या धंद्यात रोज चार ओळी लिहाव्या लागणारी किती? शिवाय मराठी मासिकांच्या इतिहासातलं एक मोठं पान धंद्याच्या कागदातूनच उघडलं, आणि त्या धंद्याची सुरुवात इथून काही मैलांवर झाली.

किर्लोस्करांची गोष्ट आज सांगतात ती कारखानदारीची म्हणून. ती लेखनाची म्हणूनही सांगता येते. १८८८ साली बेळगावात सायकलींच्या व्यवसायाने तिची सुरुवात झाली. गुर्लहोसूरला जन्मलेले लक्ष्मणराव तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. ते तिकडून सायकली धाडायचे, इकडे बंधू रामूअण्णा त्या विकायचे. विकणं म्हणजे पैसे मोजून घेऊन सायकल हवाली करणं एवढंच नव्हतं. ज्याने दोन चाकांवर तोल सांभाळणारा माणूस कधी पाहिलेला नाही, त्याला आधी ती चालवायला शिकवावी लागे.

पुढे लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावात आले. कडबा कापण्याचं यंत्र आलं आणि १९०३ साली लोखंडी नांगर. तो मात्र खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, पीक येत नाही, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात.

त्या दोन वर्षांपाशी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जरा थांबावं. माल चांगला होता आणि बनवणारा माणूस अभियंत्याच्या वकुबाचा होता. अडत होतं ते गिऱ्हाइकाच्या मनातल्या एका शंकेपाशी. अशा शेतकऱ्यापुढे ‘उत्कृष्ट’, ‘मजबूत’, ‘आधुनिक’ असे शब्द टाकून काय होणार? त्याच्या डोक्यात दुसरेच प्रश्न असणार. जमीन नासेल का? माझ्या बैलजोडीला ओढवेल का? फाळ मोडला तर दुसरा कुठे मिळेल? या प्रश्नांना भिडल्याशिवाय जाहिरातीतला एकही शब्द शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचत नाही.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ देऊ केला. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. माळावर निवडुंग भरपूर आणि सापही. त्या वाडीत लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे पुढे सगळा महाराष्ट्र ज्यांना ‘शंवाकि’ म्हणून ओळखू लागला ते, कारखान्याची जाहिरात पाहू लागले. हा माणूस मुळात चित्रकार. लाहोरला पंडित सातवळेकरांच्या हाताखाली चित्रकला शिकून आलेला. यंत्राचा चाहता आणि कागदावर रेषेची काटकसर जाणणारा असा माणूस जाहिरातीच्या टेबलाशी बसला, हा मराठीचा मोठा योग.

१९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याचा माल आणि बातम्या गिऱ्हाइकांपर्यंत, विक्रेत्यांपर्यंत पोचवणारं हे पत्रक होतं. आज विपणनाच्या वर्गात ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणून जे शिकवतात, ते एका माळावरच्या गावात शंभर वर्षांपूर्वी चालू होतं. शंकररावांच्या लक्षात एक गोष्ट आली असावी: नुसती नांगराची तारीफ दर महिन्याला कोण वाचेल? मग पानांत उद्योगाची माहिती आली, स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या माणसांच्या हकिकती आल्या, गोष्टी आल्या, चित्रं आली. हळूहळू नावातली ‘खबर’ गळली आणि ‘किर्लोस्कर’ हे घराघरातलं मासिक झालं. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघालं. जे लोक धंद्याच्या लेखनाला साहित्याच्या ओसरीवरही बसू देत नाहीत, त्यांच्या आजीने ‘स्त्री’चे अंक ट्रंकेत जपलेले असतात.

किर्लोस्करांकडून विद्यार्थ्याने उचलायची ती पद्धत. लिहायला बसण्याआधी वाचणाऱ्याच्या तीन शंका एका कागदावर मांडायच्या. मजकूर नंतर.

आता ही पद्धत उद्यमबागेत नेऊन पाहू. समजा, एखाद्या फाउंड्रीत इंटर्नशिप करणाऱ्या मुलीला पुण्याच्या ग्राहकासाठी कोटेशन लिहायला सांगितलं. ती शाळेत पाठ केलेल्या ढंगात आरंभ करते: वरील विषयास अनुसरून आपणांस सविनय कळविण्यात येते की, आमची संस्था अत्यंत नामांकित असून. पलीकडे बसलेल्या खरेदी अधिकाऱ्याला नामांकनाशी देणंघेणं नाही. त्याला हवं असतं ते असं: कास्टिंग कोणत्या ग्रेडचं, ड्रॉइंगचा क्रमांक कोणता, नगामागे दर किती, पॅटर्नचा खर्च कुणाकडे आणि पॅटर्न कुणाच्या मालकीचा, मशिनिंग धरून की नुसतं कास्टिंग, जीएसटी वेगळा का, वाहतूक कोण करणार, माल किती दिवसांत आणि हा दर किती तारखेपर्यंत. एवढ्या नऊ गोष्टी क्रमाने मांडल्या की कोटेशन झालं. त्यातली पॅटर्नची एक ओळ राहिली, तर सहा महिन्यांनी भांडण ठरलेलं.

नोकरीच्या अर्जाचंही तेच. ‘मेहनती, प्रामाणिक व कष्टाळू’ ही तीन विशेषणं वाचून आजवर कुणाचे डोळे चमकले? त्याऐवजी, ‘दोन वर्षं मामांच्या किराणा दुकानाची उधारीची वही सांभाळली, सव्वाशे खात्यांची थकबाकी दर महिन्याला काढून फोन करत असे,’ असं एखाद्याने लिहिलं, तर वाचणारा खुर्चीत जरा पुढे सरकतो. थकबाकी मागायला फोन करणं किती अवघड असतं, हे प्रत्येक धंदेवाल्याला ठाऊक असतं.

जाहिरातीत विशेषणांचं पीक तर अमाप. येळ्ळूर शिवारातला बासमती पिकवणारा शेतकरी तो थेट घरोघर पोचवू पाहतो आणि पत्रकावर छापतो, ‘उच्च प्रतीचा सुवासिक तांदूळ वाजवी दरात’. हेच वाक्य देशातल्या कुठल्याही पोत्यावर चालेल. शिवाराचं नाव, सुगीचं साल, गिरणीत सडला की हातसडीचा, पिशवी किती किलोची, दर काय आणि फोन कुणाला करायचा, एवढं लिहिलं की तो तांदूळ येळ्ळूरचा होतो.

नाव गाळलं की काय होतं, याचा धडा २०२५ च्या जूनमध्ये थेट मिलानहून आला. प्राडा या इटालियन कंपनीने फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलांसारख्या चपला मिरवल्या आणि वर्णनात त्यांना नुसत्या चामडी सँडल म्हटलं. कुठल्या देशाच्या, कुठल्या कारागिरांच्या, याचा उल्लेख नव्हता. गदारोळ उठला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पाठवलेल्या उत्तरात कंपनीने भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं.

या प्रकरणाचा सीमाभागाशी थेट संबंध आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते आठ जिल्ह्यांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. निपाणी-अथणीकडच्या कारागिराने शिवलेली चप्पलही कायद्याने कोल्हापुरीच. पण तिच्या डब्यावर हे लिहितं कोण? कुठल्या गावात, कोणत्या चामड्याची, किती दिवस खपून बनली, हे चार ओळींत मांडणारा विद्यार्थी त्या कारागिराच्या घरापासून फार लांब राहत नसेल.

शब्दांना कायद्याचीही वेसण असते. विकोच्या हळदीच्या क्रीमचं जाहिरातगीत सगळ्यांना पाठ आहे. ते क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर उत्पादनशुल्काचा दर ठरणार होता. त्यावरून कंपनीचा सरकारी खात्याशी वर्षानुवर्षं कज्जा चालला आणि अखेर निकाल कंपनीच्या बाजूने लागला. एका शब्दाची किंमत अशी रुपयांत मोजली गेली. निपाणीच्या तंबाखूची तऱ्हा तर त्याहून निराळी. २००३ च्या कायद्याने तिच्या जाहिरातीवरच बंदी आली, आणि वेष्टनाच्या दर्शनी भागातला ८५ टक्के हिस्सा आरोग्याच्या इशाऱ्याने व्यापलेला. तिथे लेखकाला जागाच नाही.

बाकीच्यांसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. ‘सात दिवसांत गुडघेदुखी गायब’ असं काकांच्या तेलासाठी हौसेने लिहून देणाऱ्या पुतण्याने हे आकडे मोबाइलवर जपून ठेवावेत.

आता भाषेचं. ते टाळून उचगावात भाषण संपवता येत नाही. इथला विद्यार्थी घरात मराठी बोलतो, इंग्रजीत परीक्षा देतो, कचेरीत कानडीत अर्ज भरतो आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्याशी हिंदीत सौदा करतो. कर्नाटकच्या कायद्याने पाट्यांवर साठ टक्के कानडी आलं. त्याबद्दल या मांडवात काय वाटतं ते सांगायची गरज नाही. पण चार भाषांतून रोज ये-जा करणाऱ्या या मुलांकडे एक कसब आपोआप येतं: समोरचा माणूस कुठल्या शब्दावर अडेल, हे त्यांना आधी कळतं. अस्सल मराठी वाक्य लिहायचं सोडून इंग्रजीवरून उतरवलेलं ‘आम्ही आपल्या समाधानासाठी वचनबद्ध आहोत’ असलं काही ती छापतात, तेव्हा ते कसब वाया जातं. बाजारात उभं राहून असं कुणी बोलतं का? ‘माल आवडला नाही तर परत आणा, पैसे देतो’ हे मराठी. ते लिहायला धाडस लागतं, कारण नंतर पैसे खरंच द्यावे लागतात.

हल्ली मजकूर यंत्राकडून लिहून मिळतो, सफाईदार आणि फुकट. मात्र यंदा अवकाळीत पोती भिजली का, हे त्या यंत्राला शेतकऱ्याने सांगितल्याशिवाय कळत नाही. तो प्रश्न विचारायला कुणाला तरी बांधावर जावं लागतं.

म्हणून संयोजकांकडे एक मागणं. पुढच्या वर्षी कथाकथन आणि कविसंमेलन यांच्यामध्ये एक तास विद्यार्थ्यांसाठी ठेवावा. व्याख्यान नको. मांडवाबाहेर पापड-लोणची घेऊन बसणाऱ्या बचत गटातल्या बायकांपाशी मुलांनी दहा मिनिटं बसावं. आजवर गिऱ्हाइकाने कोणत्या तीन शंका काढल्या, ते विचारून घ्यावं. पापडात सोडा किती? वाळवले कुठे? किती महिने टिकतात? मग त्या पुडीसाठी चार ओळी लिहाव्यात, वजन, दर आणि तारखेसकट. व्यासपीठावर वाचण्याआधी त्या ओळी पापड लाटणाऱ्या मावशींना वाचून दाखवाव्यात, आणि ‘असं कुठं असतंय व्हय?’ असं त्या जिथे म्हणतील, ती ओळ तिथल्या तिथे खोडावी.