मधुमेहाचे औषध आणि वार्धक्यातील स्नायू



मधुमेहाचा विचार करताना आपले लक्ष रक्त, लघवी आणि साखर यांपलीकडे सहसा जात नाही. वृद्धाच्या मांडीकडे कोण पाहतो? वस्तुतः जेवणानंतर रक्तात उतरलेल्या साखरेचा फार मोठा भाग स्नायूच शोषून घेतात. स्नायू झिजले, की साखरेचे हे कोठारच आखडते. वयोमानानुसार ही झीज सर्वांनाच लागते. मधुमेह्यांत तिची गती अधिक असते. अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये ग्रीक शब्दांवरून तिला 'सार्कोपेनिया' हे नाव दिले. मांसाची उणीव, हा त्याचा सरळ अर्थ.

मधुमेहावरील गोळ्यांत मेटफॉर्मिन सर्वांत परिचित. गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीतील द्रव्याशी त्याचे कूळ जुळते. पॅरिसचे डॉ. झाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये मधुमेह्यांवरील त्याच्या उपयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. असे जुने, स्वस्त आणि भरवशाचे औषध स्नायूंच्या आड येते काय, हा प्रश्न अलीकडचा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पासष्टी गाठलेल्या स्त्रीपुरुषांना १४ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. काहींना रोज १७०० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन दिले, इतरांना औषधविरहित गोळ्या. औषध न घेणाऱ्यांच्या मांडीचे स्नायू अधिक भरले. बळाच्या मापात मात्र निश्चित म्हणावा असा फरक आढळला नाही.

हे ऐकून कोणी उद्यापासून गोळी बंद करील, अशी मला धास्ती वाटते; आपल्याकडे औषध बदलण्यास शेजाऱ्याचा सल्लाही पुरतो! त्या प्रयोगातील माणसे मधुमेही नव्हती, हे विसरता कामा नये. ज्याला मधुमेह आहे, त्याची साखर मोकाट सुटली तर तीच स्नायूंचा घात करते. शिवाय व्यायाम निष्फळ ठरला असे कोणी म्हटलेले नाही.

मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांपैकी काहींच्या शरीरात ब-१२ या जीवनसत्त्वाची उणीव निर्माण होते. मग पायांना मुंग्या येतात, अशक्तपणा वाटतो, चालताना तोल जातो. घरची मंडळी 'आता वय झाले' म्हणून सोडून देतात, आणि रक्ताच्या एका तपासणीने उलगडणारे दुखणे अंगावर निघते. ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांनी साखर एकाएकी उतरून वृद्धांना भोवळ येते. दुर्बळ मांडीच्या माणसाला ती भोवळ खुब्याच्या हाडापर्यंत नेते. सेमाग्लुटाइड या नव्या औषधाने वजन घटते, परंतु घटणाऱ्या वजनात चरबीबरोबर काही वाटा स्नायूंचाही असतो. स्थूल तरुणाला जे लाभते, ते सत्तरीच्या कृश आजीला लाभेलच असे नाही.

आहारात भाताच्या मानाने डाळ, अंडी, मासळी, दूध यांचे प्रमाण वाढवावे. मूत्रपिंड दुबळे असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच. व्यायामासाठी भक्कम खुर्ची पुरे. हातांचा आधार न घेता दहा वेळा उठावे, बसावे. प्रथम कोणी जवळ असावे, आणि उपाशीपोटी हा प्रयोग करू नये.